धागा : घटस्फोटात घराची वाटणी – मुंबईतला फ्लॅट, कर्ज आणि कागदांचा क्रम

कागदकिडा

'घटस्फोट झाला की बायकोला अर्धं घर मिळतं' हे वाक्य लग्नाच्या पंगतीपासून लोकलच्या डब्यापर्यंत सगळीकडे ऐकू येतं. महाराष्ट्रात ते खरं नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ आणि विशेष विवाह कायदा १९५४ या दोन्हींत 'संसारात कमावलेलं सगळं दोघांचं' असं तत्त्वच नाही. लग्नामुळे मालकी बदलत नाही. ज्याच्या नावावर आणि ज्याच्या पैशाने घर घेतलं, प्रश्न तिथूनच सुरू होतो.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २७ खाली कोर्ट वाटणीचा आदेश देऊ शकतं, पण कशाच्या? लग्नात किंवा लग्नाच्या सुमारास मिळालेल्या आणि दोघांच्या संयुक्त मालकीच्या वस्तूंच्या. बाळकृष्ण कदम विरुद्ध संगीता कदम (१९९७) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने 'सुमारास'चा अर्थ थोडा सैल केला. भेट लग्नाआधी वा नंतर मिळालेली असली तरी चालेल, तिचा लग्नाशी संबंध मात्र हवा. तरीही दहा वर्षांनी कर्ज काढून घेतलेला कांदिवलीचा फ्लॅट या कलमात बसत नाही.

मग घराचं भांडण कुठे लढायचं? कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ च्या कलम ७ प्रमाणे पती-पत्नीमधल्या मालमत्तेचा वाद कौटुंबिक न्यायालयातच चालतो. मुंबईकरांसाठी ते वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. घटस्फोटाच्या अर्जात कलम २७ ची मागणी एक, आणि फ्लॅटमधला हिस्सा ठरवण्याचा दावा दुसरा. पुष्कळ अर्जांत या दोन्हींची खिचडी केलेली असते आणि दोन वर्षांनी कळतं की फ्लॅटबद्दल नीट मागणीच केलेली नाही.

या धाग्यावर मुंबईतल्या घरांबद्दल नेमकं बोलू या. मुलांचा ताबा हा वेगळा आणि मोठा विषय आहे, तो इथे नको.

पोफळी

हिश्श्याचं सूत्र मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४५ मध्ये आहे. दोघांनी मिळून विकत घेतलेल्या मिळकतीत ज्याने जेवढे पैसे घातले तेवढा त्याचा हिस्सा. पुरावा नसेल तर दोघांचा समान धरायचा. म्हणून अग्रीमेंटवर दोन नावं आहेत एवढ्यावर ५०-५० ठरत नाही आणि एकच नाव आहे एवढ्यावर दुसऱ्याचं शून्यही होत नाही.

उलट बाजूही सांगते. नवऱ्याने स्वतःच्या उघड उत्पन्नातून बायकोच्या नावावर घर घेतलं तर तो बेनामी व्यवहार ठरत नाही, १९८८ च्या बेनामी कायद्यातच तसा अपवाद आहे. म्हणजे 'पैसे माझे होते' हे म्हणायची वाट त्याला मोकळी आहे. पण ते पैसे तिला भेट म्हणून दिले नव्हते, हेही त्यालाच सिद्ध करावं लागतं आणि ते कठीण जातं.

पुरावा कुठला? डाऊन पेमेंटच्या चेकची बँक नोंद, बिल्डरच्या पावत्या, ईएमआय ज्या खात्यातून गेला त्याचं पहिल्या हप्त्यापासूनचं विवरण, दोघांचे फॉर्म १६, विकलेल्या दागिन्यांच्या किंवा मोडलेल्या एफडीच्या पावत्या. जुनी विवरणं शाखेकडून मिळवायला वेळ लागतो, तो अर्ज पहिल्या आठवड्यात टाका. ईएमआय एकाच्या पगारातून आणि किराणा-फी-वीजबिल दुसऱ्याच्या, असं घर चाललेलं असेल तर घरखर्चाच्या नोंदीही जपा. कलम ४५ 'खरेदीत घातलेले पैसे' मोजतं, घरखर्च थेट मोजत नाही. तरी पोटगीची रक्कम ठरताना कोर्ट तो विचारात घेतं.

गिरगावची_गल्ली

ज्यांचं लग्न गोव्यात नोंदलं आहे त्यांनी वरचं सगळं स्वतःला लावू नये. तिथल्या नागरी संहितेत, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर संपत्ती सामायिक धरली जाते आणि अर्धा हिस्सा खरोखरच असतो. मुंबईत गोव्याची कुटुंबं पुष्कळ. वकिलाला पहिल्याच भेटीत लग्न कुठे नोंदलं ते सांगा.

वडाचीपारंबी

आता व्यवहाराचं. बहुतेक जोडपी परस्परसंमतीने, म्हणजे हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली वेगळी होतात आणि घराचं काय करायचं ते कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे कोर्टात दाखल करायच्या तडजोडीच्या अटींमध्ये लिहितात. तिथला वेळेचा हिशेब असा : अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं हवं. मग पहिला मोशन, म्हणजे दोघांनी मिळून कोर्टापुढे केलेली पहिली मागणी. त्यानंतर ६ ते १८ महिन्यांच्या आत दुसरा मोशन, आणि हुकूमनामा, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम आदेश.

'वेगळं राहणं' म्हणजे वेगळा पत्ता नव्हे. सुरेष्टा देवी (१९९१) निकालाप्रमाणे एकाच छपराखाली राहूनही पती-पत्नीचे संबंध तुटलेले असतील तर ते वेगळं राहणंच. वन रूम किचनमध्ये दुसरं भाडं परवडत नाही म्हणून एकत्र राहिलेल्यांना हे लागू पडतं. अर्जात मात्र कोणत्या तारखेपासून ते स्पष्ट लिहा.

सहा महिन्यांची थांबण्याची मुदत माफ होऊ शकते. अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर (२०१७). अटी ठरलेल्या आहेत : अर्जाआधीचं एक वर्ष आणि वर हे सहा महिने दोन्ही पहिल्या मोशनआधीच उलटून गेलेले हवेत, समेटाचे प्रयत्न संपलेले हवेत, पोटगी-ताबा-मालमत्ता सगळं खरोखर मिटलेलं हवं, आणि थांबण्याने फक्त त्रास वाढणार असावा. पहिल्या मोशननंतर एका आठवड्याने माफीचा अर्ज करता येतो. मालमत्तेचा एखादा मुद्दा 'नंतर ठरवू' म्हणून ठेवलात तर माफीच्या अर्जालाच धक्का बसतो.

सुरेष्टा देवी निकालातला दुसरा भाग लोक विसरतात : हुकूमनामा होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतो. पुढचा सगळा क्रम या एका गोष्टीभोवती फिरतो.

सहीशिक्का

पारंबी, तुम्ही नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. हिशेब मांडून दाखवतो. आकडे नमुन्याचे आहेत.

फ्लॅटची आजची किंमत २ कोटी ४० लाख, कर्ज बाकी ९० लाख. म्हणजे वाटायला १ कोटी ५० लाख. दोघांचा समान हिस्सा धरला तर प्रत्येकी ७५ लाख. इथे पहिली चूक होते : लोक २ कोटी ४० लाखांचे दोन भाग करतात आणि कर्ज कोणाच्या डोक्यावर ते लिहायचं विसरतात.

दुसरी चूक मुद्रांक शुल्काची. नवऱ्याचा अर्धा हिस्सा (१ कोटी २० लाख) बायकोने विकत घेतला तर ती सरळ विक्री. मुंबईत मुद्रांक ५ टक्के आणि मेट्रो अधिभार १ टक्का, म्हणजे ७ लाख २० हजार. खरेदीदार फक्त स्त्री असेल तर १ टक्का सवलत. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. बक्षीसपत्राने दिला तर राहत्या घरासाठी पती-पत्नीमध्ये मुद्रांक फक्त २०० रुपये. अधिभार आणि नोंदणी फी किती लागेल ते दुय्यम निबंधक कार्यालयातून आधी काढून घ्या. दुकान किंवा गाळा असेल तर २०० रुपयांची ही सवलत नाही.

हक्कसोडपत्राबद्दल फार मोठा गैरसमज आहे. 'हक्कसोड नाममात्र शुल्कात होतं' हे वडिलोपार्जित मिळकतीपुरतं खरं. दोघांनी कर्ज काढून घेतलेला फ्लॅट वडिलोपार्जित नाही, त्याच्या हक्कसोडपत्राला विक्रीखताइतकंच शुल्क लागतं.

आणि बक्षीसपत्राची २०० रुपयांची खिडकी फक्त लग्न टिकून असेपर्यंत उघडी असते. हुकूमनामा झाल्यावर ते पती-पत्नी नाहीत, सवलत संपली. आयकरातही तसंच. जोडीदाराकडून आलेली भेट करमुक्त, माजी जोडीदार 'नातेवाईक' नाही.

कागदकिडा

सहीशिक्का, इथे एक सावधगिरी जोडायला हवी, नाहीतर वाचणारे गोत्यात येतील. बक्षीसपत्र म्हणजे मोबदल्याशिवाय दिलेलं. कन्सेंट टर्म्समध्ये 'पोटगीच्या बदल्यात फ्लॅट' असं लिहायचं आणि बक्षीसपत्रात 'नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी' असं लिहायचं, ही दोन कागदं एकमेकांना खोटं पाडतात. बायको नवऱ्याला ७५ लाख देत असेल तर ती विक्रीच. तिला बक्षीस म्हणणं म्हणजे शुल्क बुडवणं, आणि पुढे घर विकताना खरेदीदाराच्या वकिलाने हे दोन कागद शेजारी ठेवले की व्यवहार अडतो.

शंका असेल तर मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी द्या. शुल्क किती ते तेच ठरवून देतात, नंतर वसुलीची नोटीस येत नाही. काही आठवडे जातात, ते दोन्ही मोशनच्या मधल्या काळात सहज बसतात.

पोफळी

काही वकील दुसरा रस्ता सुचवतात : फ्लॅटचं पूर्ण वर्णन (सदनिका क्रमांक, सीटीएस म्हणजे नगर भूमापन क्रमांक, चटईक्षेत्र, सोसायटीच्या भाग दाखल्याचा म्हणजे शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक) मूळ अर्जातच घालायचं, आणि हुकूमनाम्यानेच हक्क द्यायचा. नोंदणी कायदा कलम १७(२)(सहा) प्रमाणे तडजोडीच्या हुकूमनाम्याला नोंदणी लागत नाही, पण ती मिळकत दाव्याचा विषय असेल तरच. अर्जात फक्त घटस्फोट मागितला आणि फ्लॅट पहिल्यांदा कन्सेंट टर्म्समध्येच उगवला तर ही सूट मिळत नाही.

आणि नोंदणीतून सुटका म्हणजे मुद्रांकातून सुटका नव्हे. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमातल्या अभिहस्तांतरणाच्या (मालकी दुसऱ्याकडे देणाऱ्या दस्ताच्या) व्याख्येत दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामाही येतो. तेव्हा इथेही अभिनिर्णय करून घेणं शहाणपणाचं.

वडाचीपारंबी

धोक्याचा क्रम बघा. बक्षीसपत्र हुकूमनाम्याआधी करायला हवं, पण नोंदणी झाल्यावर ते सहसा रद्द करता येत नाही. देणाऱ्याने सही केली आणि घेणाऱ्याने दुसऱ्या मोशनला संमती मागे घेतली तर? घरही गेलं आणि लग्नही तसंच. उलट घेणाऱ्याने आधी हुकूमनामा होऊ दिला तर देणारा टाळाटाळ करतो आणि सवलतही जाते.

व्यवहारात मधला मार्ग असा निघतो. पहिल्या मोशनपूर्वी बँकेची लेखी संमती आणि कर्ज बाकीचं पत्र. पहिल्या मोशनला कन्सेंट टर्म्स दाखल, त्यात बक्षीसपत्राचा मसुदा जोडपत्र म्हणून. मधल्या काळात अभिनिर्णय. दुसऱ्या मोशनची तारीख मिळाली की आदल्या एक-दोन दिवसांत दुय्यम निबंधकांकडे नोंदणी, आणि नोंदणीकृत दस्ताची प्रत घेऊनच कोर्टात उभं राहायचं. दुसऱ्या बाजूने येणारी रक्कम डिमांड ड्राफ्टने, त्याच दिवशी न्यायाधीशांसमोर. रक्कम हप्त्यांत असेल तर प्रत्येक हप्त्याची तारीख आणि चुकल्यास व्याज किती, हे कलमात हवं. 'लवकरात लवकर' हा शब्द कन्सेंट टर्म्समध्ये कधीही चालू देऊ नका.

फौजदारी तक्रार प्रलंबित असेल तर ती रद्द करायला उच्च न्यायालयात जावं लागतं. रकमेचा शेवटचा भाग त्या आदेशाला बांधायची पद्धत आहे, दोन्ही पक्षांना त्यात धीर राहतो.

माहीमकॉजवे

बँकेबद्दल कोणी सविस्तर लिहिलं नाही. कन्सेंट टर्म्स बँकेला बांधत नाहीत. 'यापुढे हप्ते पत्नी भरेल' असं कोर्टासमोर ठरलं तरी सहकर्जदार म्हणून नवऱ्याचं नाव कर्जावर राहतंच. तिचे तीन हप्ते चुकले की सिबिल त्याचाही बिघडतो आणि नोटीस दोघांना येते.

सहकर्जदाराचं नाव काढायला बँक उरलेल्या कर्जदाराची पात्रता नव्याने तपासते : पगार, वय, उरलेली वर्षं. एकटीच्या पगारावर ९० लाख बसत नसतील तर बँक नकार देते. मग तीन वाटा. घर विकून कर्ज फेडणं, काही रक्कम भरून बाकी कमी करणं, किंवा दुसऱ्या बँकेकडे कर्ज एका नावावर हलवणं. हे पहिल्या मोशनच्या आधी कळलं पाहिजे. कोर्टात ठरलं आणि बँकेने नाकारलं अशी प्रकरणं सगळ्यात वाईट अडकतात, कारण तोवर घटस्फोट झालेला असतो आणि एकमेकांशी बोलणं संपलेलं असतं.

शिवाय कर्ज चालू असताना मूळ कागद बँकेत असतात. बँकेच्या परवानगीशिवाय बक्षीसपत्र केलं तर गहाणाच्या अटींचा भंग होतो. आणि घेणाऱ्याने कर्जाची जबाबदारीही घेतली तर मुद्रांक कार्यालय त्यालाच मोबदला म्हणू शकतं.

गिरगावची_गल्ली

पागडीच्या घरांचं वेगळं. तिथे मालकी नाहीच, भाडेहक्क आहे. भाडेपावती नवऱ्याच्या नावावर असेल आणि तो घर सोडून गेला तर घरमालकाच्या घर खाली करवण्याच्या दाव्यात बायको उभी राहू शकते. अचला आनंद (२००५) निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. पण घटस्फोटानंतर हा हक्क आपोआप टिकत नाही. कन्सेंट टर्म्समध्ये निवासाचा हक्क लिहून घ्यावा लागतो आणि पावती नावावर करायला घरमालकाची संमती लागते. पुनर्विकास चालू असेल तर पर्यायी घराचा करार, दरमहाचं भाडं आणि कॉर्पस (विकासकाकडून मिळणारी एकरकमी रक्कम) या तिन्हींत नावं कोणाची, ते आताच बघा.

एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसन योजनेच्या) घरात पती-पत्नी दोघांची नावं संयुक्त लावतात, आणि त्या घरांना व म्हाडाच्या सोडतीतल्या घरांना हस्तांतरणाच्या मुदतीची बंदी असते. बंदीच्या काळात 'घर पत्नीला' असं लिहून काही होत नाही, संबंधित प्राधिकरणाची परवानगी आधी.

नवीन_सभासद_चेंबूर

एक प्रश्न. घर सासूबाईंच्या नावावर असेल तर सुनेला काहीच हक्क नाही का? आणि जोडीदाराने केस चालू असताना घर परस्पर विकलं तर?

कागदकिडा

पहिल्याचं उत्तर : मालकी नाही, राहण्याचा हक्क असू शकतो. सतीश चंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा (१५ ऑक्टोबर २०२०) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की सामायिक घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ खाली तिथून तिला नुसतं हाकलता येत नाही. हा हक्क कायमचा नाही. पर्यायी घर किंवा भाड्याची रक्कम देऊन कोर्ट तो मिटवू शकतं.

दुसऱ्याचं उत्तर जास्त महत्त्वाचं, आणि ते खास मुंबईचं आहे. प्रलंबित दाव्यातली मिळकत विकली तरी घेणारा निकालाने बांधला जातो, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५२. पण मुंबई प्रांताने १९३९ मध्ये केलेल्या दुरुस्तीमुळे बृहन्मुंबईतल्या मिळकतीला हे संरक्षण तेव्हाच मिळतं, जेव्हा दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेली असते. 'लिस पेंडन्सची नोटीस' म्हणून ती ओळखली जाते. नोटिशीत मिळकतीचं वर्णन, दाव्याचा क्रमांक, पक्षकारांची नावं. ती न नोंदवता नुसती केस लढत बसलेले लोक शेवटी तिसऱ्याच माणसाशी भांडत राहतात.

सोबत मनाईहुकमाचा अर्ज करा आणि दोन्हींची प्रत सोसायटीच्या सचिवांना पोच घेऊन द्या. नुसत्या पत्रावर सोसायटी हस्तांतरण रोखायला बांधील नाही, कोर्टाच्या आदेशाला मात्र आहे.

पोफळी

स्त्रीधनाचं दोन ओळींत संपवू नये म्हणून मुद्दाम लिहिते. ते वाटणीत येतच नाही. ते तिचं, पूर्णपणे. प्रतिभा राणी (१९८५) पासून हे स्पष्ट आहे. ते सासरच्या कपाटात होतं म्हणून संयुक्त होत नाही. अडचण पुराव्याची. लॉकर दोघांच्या नावावर आणि 'कोणीही एक' या सूचनेवर चालत असेल तर तो सकाळी एक जण रिकामा करू शकतो. बँकेला लेखी सूचना देऊन 'दोघांच्या सहीने' करून घ्या. मग दोघांसमोर उघडून यादी : पाटल्या, मंगळसूत्र, ठुशी, तोडे, प्रत्येकाचं वजन ग्रॅममध्ये, सराफाच्या सहीसह, खाली दोघांच्या सह्या. लग्नाचे फोटो आणि जुन्या पावत्या जोडा. यादीत 'अंदाजे २५ तोळे' असं लिहिलेलं कोर्टात फार टिकत नाही.

सहीशिक्का

पोटगी आणि वाटणी एकमेकांच्या भरपाईसाठी वापरल्या जातात, तेव्हा त्यांच्या मर्यादा माहीत हव्यात. रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) पासून दोघांनाही मालमत्ता-देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं. त्यात ईपीएफ, म्युच्युअल फंड, डीमॅट, गावची जमीन, कर्जं, सगळं येतं. बँक विवरणाशी न जुळणारं शपथपत्र ही स्वतःच्या पायावर मारलेली कुऱ्हाड आहे. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की पोटगीचा हेतू दोघांची श्रीमंती सारखी करणं हा नाही.

कर : एकरकमी पोटगी भांडवली स्वरूपाची म्हणून सहसा करपात्र नाही. दरमहाची पोटगी उत्पन्न धरली जाते, मुंबई उच्च न्यायालयाने प्रतापगडच्या महाराणींच्या प्रकरणात हा फरक केला. वेगळं राहण्याच्या करारापोटी जोडीदाराला दिलेल्या मालमत्तेचं उत्पन्न देणाऱ्याच्या उत्पन्नात मिळवत नाहीत, म्हणून कराराचा उल्लेख दस्तात असू द्या.

अर्ज करणारी स्त्री असेल तर घटस्फोट, पोटगी आणि मालमत्तेच्या दाव्यात कोर्ट फी माफ आहे, १९९४ ची राज्य सरकारची अधिसूचना आहे. तरीही फी भरलेली प्रकरणं दिसतात.

नवीन_सभासद_चेंबूर

मुलाच्या नावावर घर करून टाकलं तर भांडणच मिटेल, असा सल्ला बरेच जण देतात. बरोबर आहे का?

वडाचीपारंबी

सहसा नाही. अल्पवयीन मुलाच्या नावावर घर गेलं की नैसर्गिक पालकालाही कोर्टाच्या परवानगीशिवाय ते विकता वा गहाण ठेवता येत नाही, हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ चं कलम ८. मूल ७ वर्षांचं असेल तर ११ वर्षं घर गोठलं. मधे पुनर्विकास आला, शाळेसाठी घर बदलायची वेळ आली, तर प्रत्येक वेळी कोर्ट. मुलासाठी ठेवायचंच असेल तर त्याच्या नावावर ठेव ठेवा.

माहीमकॉजवे

हुकूमनामा हातात आल्यावर थांबू नका. संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नसतं, तेव्हा त्याच आठवड्यात प्रमाणित प्रतींचा अर्ज करा, किमान चार. एक सोसायटीला, एक बँकेला, एक पासपोर्ट-आधारसाठी, एक घरी.

सोसायटीत भाग दाखल्यावरचं नाव कमी करायला नोंदणीकृत दस्ताची प्रत, हुकूमनाम्याची प्रत, विहित नमुन्यातले अर्ज आणि ५०० रुपये हस्तांतरण फी. हस्तांतरण अधिमूल्य (ट्रान्सफर प्रीमियम) मुंबईत कमाल २५ हजार, पण कुटुंबातल्या हस्तांतरणाला ते लागत नाही. बक्षीसपत्राची तारीख हुकूमनाम्याआधीची असल्याने तेव्हा ते कुटुंबातलंच होतं. सचिवांनी मागितलं तर ही तारीख दाखवा. मग वीज, पाईप गॅस आणि मालमत्ता कराची नावं.

नामनिर्देशन सगळ्यात शेवटी राहतं आणि सगळ्यात जास्त घोळ तेच करतं. ईपीएफ, बँक, डीमॅट, सोसायटी, प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज. जुनं नामनिर्देशन हुकूमनाम्याने सगळीकडे आपोआप पुसलं जाईल असं धरून चालू नका. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली घेतलेली विमा पॉलिसी मात्र वेगळी. ती बायकोच्या नावे विश्वस्त निधी ठरते, नवरा एकट्याने नाव बदलू शकत नाही. तिचं काय करायचं ते कन्सेंट टर्म्समध्येच लिहायला हवं होतं. अजून सही झाली नसेल तर आज ती पॉलिसी कपाटातून काढून बघा.

पोफळी

आणि ज्यांनी घटस्फोट नाही, फक्त हिंदू विवाह कायद्याच्या कलम १० खाली न्यायिक विभक्तता (लग्न न मोडता वेगळं राहण्याचा कोर्टाचा आदेश) घेतली आहे त्यांच्यासाठी : लग्न अजून टिकून आहे. मृत्युपत्र न करता कोणी गेलं तर दुसरा अजूनही वारस आहे, आणि २०० रुपयांचं बक्षीसपत्रही अजून शक्य आहे. विभक्ततेच्या हुकूमनाम्यानंतर वर्षभरात सहवास पुन्हा सुरू झाला नाही तर त्याच आधारावर घटस्फोट मागता येतो. घराचे कागद करायचे असतील तर तो अर्ज टाकण्याआधीचं हे वर्ष वापरा.